कडेकडेने

मालारच्या खाजणात, मानशीच्या दारापासून एकेचाळीस पावलांवर
एक बीळ आहे.
असं माझी वही सांगते. इनासला पावलं मोजावी लागत नाहीत,
तो बांधावर टाच आपटत चालतो
आणि पोकळ वाजलं की थांबतो.

आत घुशीची सहा पिल्लं.
डोळे शिवलेले, कान डोक्याला चिकटलेले,
प्रत्येक माझ्या करंगळीएवढं.
मी नळीतून कॅमेरा सोडलाय, मटारच्या दाण्याएवढा.
दहाव्या दिवशी एक पिल्लू पेंढ्यावरून घसरतं
आणि गोल गोल फिरतं,
शेवटी ऊब लागते ती नाकाच्या डाव्या बाजूला.
एवढीच त्याची दिशा. डावीकडे आई.

मग डोळे उघडतात,
उघडून बघण्यासारखं तिथं काही नसतं.
अंधार होताच, तो आता बाहेरही आहे.
तरी आत कुठेतरी एक काटा थरथरायचा थांबतो.
तोंड कुणीकडे आहे हे आधी कळतं,
आपण कुठे आहोत, ते नंतर.
(मला वाटायचं उलट असेल.
आधी गाव, मग उत्तर-दक्षिण.)

सतराव्या दिवशी भिंत.
मिशा मातीला टेकवून, एकाच अंगानं,
होडी दोरीनं काठाकाठानं ओढत न्यावी तसं.
कडेचं सगळं पाठ:
इथं कुर्लीचं जुनं भोक, इथं कांदळाचं मूळ,
इथं ओल, म्हणजे पलीकडे मांडवी.
पण खोलीच्या मधोमध, जिथं मिशीला काहीच लागत नाही,
तिथं ते अजून कुणीच नसतं.
चार बोटांची मोकळी जागा.
येतं, थबकतं, परत भिंतीला लागतं.

तीन रात्री मी ती चार बोटं बघत बसले.
शेवटची फेरी गेली. घरून फोन आला, उचलला नाही.
डासांनी घोटे फोडले.

एकविसाव्या रात्री
तोंडात कोरगुटाची लोंबी धरून
ते मधूनच गेलं.
सरळ.
जणू त्या रिकामपणावर कुणी पाग फेकला होता
आणि त्याच्या गाठी एकेक करून
पायाखाली लागत होत्या.
मी टाळी वाजवली. हात चिखलाचे, आवाजही झाला नाही.

सकाळी इनास आला. पाटीत चिकणमाती, खांद्यावर पेंढा.
"बाये, पुनवेची भरती. आज पुरचें पडटलें."
त्याचं खरं होतं.
बोटभर वाटेनं खारं पाणी आत येतं आणि हात हात रुंद होतं,
मग तीन वर्षं शेतात दाणा धरत नाही.
मी दोन दिवस मागितले. त्यानं एक दिला.
त्या एका रात्रीत आईनं पिल्लं हलवली,
मानेला धरून, सहा खेपा.
बीळ बुजलं. वर त्यानं पाय दाबून घेतला,
जुन्या दुखण्यावर दाबतात तसा.

पुनवेला मी एकटी होते.
कानाला खाच असलेलं पिल्लू एकेचाळीसाव्या पावलावर आलं.
जिथं तोंड होतं तिथंच, वीतभरही इकडेतिकडे नाही.
ताज्या मातीला नाक लावून उभं राहिलं.
मी मोजले, अकरा सेकंद.
नसलेल्या दारासमोर
एवढ्याशा जिवानं थांबायला ते पुष्कळ.
मग वळलं, आणि बांधाच्या माथ्यावरून,
ना कड, ना भिंत, वर नुसतं चांदणं,
पानकणसांच्या बाजूला गेलं, जिथं नवं बीळ होतं.
सहासष्ट पावलं. वहीत लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी इनासनं विचारलं, "गेलीं?"
गेली, म्हटलं.
"खंय?"
मी नदीकडे हात केला.

तो नदीकडे बघत राहिला. मग माझ्याकडे.
मग टाच उचलली
आणि पानकणसांच्या बाजूला
सावकाश चालू लागला.